पांढरी गोळी, निळी गोळी

एका कानामागं पेन्सिल, दुसऱ्या कानामागं बिडी,
असा मी तेंदूच्या फडावरचा मुन्शी, बत्तीस हंगाम.
पुडक्यात पानं सत्तर,
शंभर पुडक्यांवर पाच वरकड,
ती कुठं जायची ते विचारू नका जी.
हिशेबात मी चुकलो नाही कधी,
फक्त स्वतःच्या बिड्या मोजल्या नव्हत्या.

देवरीच्या दवाखान्यात नैताम डॉक्टरीणबाईनं विचारलं,
दिवसाला किती?
म्हटलं, असतील दहा-बारा.
मागच्या बाकावरून रायवंता बोलली,
"दोन कट्टे, बाई. अन् रातच्याला उठून पेते त्या येगळ्या."

डॉक्टरीण हसली नाही, रागावलीही नाही.
म्हणाली, आजच सोडा असं मी म्हणत नाही.
आधी गोळी सुरू करा.
बिडी प्या,
पण लिहून प्या.

पहिले तीन दिवस पांढरी, एक.
मग दोन. मग निळी.
भरल्या पोटी घ्यायची, वरून तांब्याभर पाणी.
मी एकदा नुसत्या चहावर घेतली
आणि बसथांब्यावर
सरपंचाच्या मोटरसायकलवर ओकलो.
हे वहीत नाही.

वही मागच्या हंगामाची, अर्धी कोरी उरलेली.
पानं आणणाऱ्याचं नाव, या रकान्यात मी लिहिलं
सोविंदा कापगते.
आवक: सत्तेचाळीस.
खाली सही केली, तारीख टाकली,
आणि पहिल्यांदाच मला त्या माणसाचा
संशय आला.

अकराव्या दिवशी बिडी पेटवली तर ती नुसतीच पेटली.
पान तेच, जर्दा तोच,
पण ओळखीच्या माणसानं बाजारात
पाहून न पाहिल्यासारखं करावं
तशी.

स्वप्नं मात्र! बाप्पा, काय ती स्वप्नं!
वाघ येऊन फडावर बसला,
म्हणाला, मुन्शीजी, माझी पाच पुडकी कमी धरली तुम्ही.
एका राती सगळं जंगल वाळत घातलेलं
आणि पानापानावर माझ्या बापाचा अंगठा.
बाप गेला तेव्हा त्याच्या उशाशी अर्धा कट्टा होता.
तो मीच संपवला होता,
तेराव्याच्या आत.

डॉक्टरीणबाईला सांगितलं. वाघाचं सांगितलं, बापाचं नाही.
म्हणाली, या गोळीनं स्वप्नं पडतात,
पण मन खचल्यागत वाटलं तर लगेच या,
लपवू नका.
मग बापाचंही सांगितलं.

एकोणतीस. बावीस. सतरा.
मोहफूल पडायला लागलं तेव्हा चौदा.
मग बुधराम मेहुणा गेला,
मातीच्या दिवशी एकेचाळीस.
आकडा खोडावा म्हणून पेन्सिल उचलली,
पण खोडलेली वही कंत्राटदारसुद्धा घेत नाही.
बाईंनी तो पाहिला, पान उलटलं,
म्हणाल्या, गोळी बंद नाही ना केली?
नाही.
मग झालं.

फडावरची पोरं हसतात,
मुन्शीजी, तुमीच सोडली तर आमची पानं कोन घेईन?
म्हणतो, नऊ पेतो अजून,
तेवढ्यापुरतं तोडा.

रायवंता इतकी वर्षं भिंतीकडं तोंड करून निजायची.
मला वाटायचं, तिला भिंतीचा गारवा आवडतो.
परवा झोपेत तिनं कूस बदलली.
मी हललो नाही.
हात आखडला,
खांद्याला मुंग्या आल्या,
तरी पडून राहिलो, कोंबडा आरवेपर्यंत.

आज वहीत चार लिहिले.
कदाचित पाच, एक अर्धीच फेकली,
ती कशी धरायची ते ठरत नाही.

एक नवी अडचण मात्र झाली आहे.
पूर्वी अंधारात घराकडं येताना
माझ्या आधी माझा खोकला पोचायचा,
रायवंता चुलीवरचा भात उतरवायला घ्यायची.
आता मी एकदम दारात उभा दिसतो
आणि ती दचकते,
हातातलं झाकण पाडते.

म्हणून फाटकाशी आलो की
मी थांबतो,
अन् दोनदा
खोटं खोकतो.